बाराची सावली

श्रावण लागून पंधरा दिवस झाले तरी शाळेच्या बोअरला पाणी चढलं नव्हतं. ढग रोज यायचे, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांवर दिवसभर बसून राहायचे आणि संध्याकाळी उठून होसूरच्या दिशेनं निघून जायचे. शाळेच्या मैदानानं कवच धरलं होतं. नीरजानं पहारीवर सगळं वजन टाकलं, की पहार टणकन उडायची आणि झिणझिण्या थेट खांद्यापर्यंत यायच्या.

"सरका अक्का," संताजी म्हणाला. "ही माती नव्हे. कारखान्यानं आणून टाकलेला भराव आहे. हिला पहार कळत नाही. हिला शिव्या लागतात."

"मग द्या की."

"पोरी आहेत."

नववीच्या पोरी खड्ड्याभोवती उकिडव्या बसून हसल्या. मराठी त्यांना येत नव्हती, पण संताजीच्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं. संताजी शाळेचा शिपाई. त्याआधी तीस वर्षं त्यानं गवंडीकाम केलं होतं. त्याच्या घराण्यातला कोणी तरी शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आला होता म्हणे. तो मात्र मेस्त्रीच्या थापीबरोबर बोम्मसंद्र्याला आला, असं तो स्वतःच सांगायचा.

भूगोलाच्या पुस्तकाच्या एकतिसाव्या पानावर खड्ड्याचं चित्र होतं. वर काळी माती, तिच्याखाली तपकिरी, मग लाल, तळाला मुरूम. प्रत्येक शाळेनं चार फूट खड्डा खणायचा आणि मुलांनी जमिनीचे थर डोळ्यांनी बघून वहीत काढायचे. नीरजाच्या खड्ड्यात वर वीतभर विटांचा चुरा निघाला. त्याखाली प्लॅस्टिकच्या पिशव्या, दबून दबून त्यांची चटई झालेली. मग कारखान्याची काळी राख, फुटक्या टाइल्स, रबरी चप्पल. अडीच फुटांवर कुठे लाल माती लागली, आणि ती दिसल्याबरोबर संताजी खाली बसून तंबाखू मळायला लागला.

चंपा नावाची एक पोर मन लावून काढत होती. तिनं मान वर करून कन्नडमध्ये विचारलं.

"मिस, चपलेला कुठला रंग देऊ?"

"आहे तो दे."

"पुस्तकात चप्पल नाहीये."

"खड्ड्यात आहे ना?"

चंपानं निळा खडू काढला.

पुस्तक नीरजाच्या वडिलांनी लिहिलं होतं. बिंदुमाधव मास्तर, घरात अण्णा. चामराजपेटच्या शाळेत चौतीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर तेरा वर्षं एकच गोष्ट लोकांना सांगत फिरले: पृथ्वी आणि आकाश फळ्यावर शिकवू नका, पोरांना बाहेर काढा. पत्रं लिहिली, सभांना गेले, मागच्या खुर्चीवर बसून परत आले. शेवटी एका संस्थेनं चाळीस शाळांत तशी योजना घ्यायचं ठरवलं आणि पुस्तक अण्णांकडे मागितलं. ते छापून आलं जूनमध्ये. अण्णा मार्चमध्ये गेले होते.

नीरजाची नोकरी त्याच योजनेतली. अकरा महिन्यांचा करार, या ऑगस्टच्या एकतीस तारखेला संपणारा. अठरा तारखेला संस्थेच्या बाई बघायला येणार होत्या. त्यांनी बरं लिहिलं तर करार पुढे.

अठरा तारीख पुस्तकातच दिलेली होती. बेंगळुरूत वर्षातून दोनदा भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. एकदा एप्रिलमध्ये, शाळेला सुट्टी असताना, आणि एकदा ऑगस्टमध्ये. पान चाळीस: "दुपारी बरोबर बारा वाजता काठीच्या सावलीची लांबी मोजा. ती शून्य असेल."

नीरजानं हे वाक्य जूनमध्ये वाचलं, तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. बारा वाजता ती शून्य नसते. असूच शकत नाही. हे तिला दहाव्या वर्षापासून माहीत होतं, आणि ते शिकवणाऱ्या माणसाचंच नाव पुस्तकावर होतं.

*

टँकर साडेपाचला यायचा. नीरजाची आई, प्रेमाबाई, पाच वाजल्यापासून घागरी रांगेत लावून दाराशी उभ्या राहायच्या. दोन्ही गुडघे गेलेले, पण टँकरवाल्याशी बोलायचं काम त्या दुसऱ्या कुणाला देत नसत.

"काल निम्मीच भरलीस की रे," त्या कन्नडमध्ये त्याला म्हणत होत्या. "आज स्वल्प माणसासारखा वाग."

नीरजा घागरी आत नेत होती. सहाव्या खेपेला कमरेत चमक भरली, तशी ती स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभी राहिली. पायाखाली अण्णांच्या रेघा होत्या. खिडकीतून येणारा उन्हाचा कवडसा दर महिन्याच्या एक तारखेला कुठे पडतो, ते त्यांनी ऑइलपेंटनं फरशीवर आखून ठेवलं होतं. बारा रेघा, प्रत्येकीवर बारीक अक्षरात महिना.

"पाय काढ त्यावरनं," प्रेमाबाई आत येत म्हणाल्या. "ओला आहे."

"तूच म्हणायचीस ना, फरशीचं वाटोळं केलं म्हणून?"

"तेव्हा म्हणत होते."

त्यांनी घागर खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं. "पत्राचं काय झालं?"

"संस्थेला दोन लिहिली. एकाचंही उत्तर नाही."

"त्यांच्याच चुका त्यांना कळवतेस, उत्तर कशाला देतील."

"चूक अण्णांच्या नावावर आहे, आई."

प्रेमाबाई घागरीवर फडकं बांधायला लागल्या. फडकं अण्णांच्या जुन्या धोतराचं होतं. गाठ बसेना, तशी नीरजानं पुढे होऊन बांधली.

"वादिराजाशी बोल," त्या म्हणाल्या. "पण त्याला अडचणीत आणू नकोस. तुला घेतलं त्यानं."

*

वादिराज मामा शाळा चालवणाऱ्या मंडळाचे चिटणीस. कचेरीत टेबलावर एक पंखा आणि त्याच्यासमोर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेले चार दगड. दगड अण्णांनीच कधी तरी दिलेले. प्रत्येकाखाली त्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी होती.

"खड्डा बघितला," मामा म्हणाले. "पुस्तकात चप्पल आहे का गं?"

"नाही."

"मग बुजव. त्या कडुलिंबापाशी दुसरा खण. तिथे माती बरी आहे."

"मामा, मी खड्ड्याचं बोलायला नाही आले. बाराचं बोलायला आले."

मामांनी चष्मा काढला. नीरजानं सांगितलं. मनगटावरचं घड्याळ आपल्या गावचं नाही. सगळ्या देशाला एकच वेळ, ती पार मिर्झापूरच्या बाजूची. तिथून सूर्य आपल्या डोक्यावर यायला उशीर लागतो. अठरा ऑगस्टला बारा वाजून चोवीस मिनिटं होतात. बाराला मीटरभर काठीची सावली दहा सेंटिमीटर तरी असणार. पोरं पट्टी लावून मोजणार, आणि पुस्तकात शून्य लिहिलेलं.

"अण्णांनी असं लिहिलंच नव्हतं," ती म्हणाली. "मूळ वहीत आधी अख्खा पाठ आहे. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायची. जी सगळ्यांत आखूड, ती आपल्या गावची माध्यान्ह. मग शून्य शोधायचं. तो पाठच गाळलाय कुणी तरी."

"सव्वा तास लागतो त्याला. तास चाळीस मिनिटांचा असतो."

"म्हणून काहीही छापायचं?"

"आणि बारा वीसला जेवणाची गाडी येते. बारा चोवीसला तुझी पोरं ताटं घेऊन रांगेत असतात. चाळीस शाळांच्या जेवणाच्या वेळा बदलायच्या होत्या का?"

"कुणी गाळला, तेवढं सांगा."

मामांनी खण ओढला. फार शोधावं लागलं नाही. छापण्याआधीची पानं होती ती, सुतळीनं बांधलेली. त्यांनी एक पान उपसून तिच्यापुढे ठेवलं आणि पंखा बंद केला.

समासात अण्णांचं अक्षर होतं. शाईच्या पेननं, थोडं उजवीकडे झुकलेलं. "माध्यान्हाचा पाठ गाळण्यास हरकत नाही. बारा वाजता चालेल." खाली सही. बारा सप्टेंबर.

नीरजानं ते दोनदा वाचलं. तारखेवर बोट ठेवलं.

"माझी ऑर्डर कधीची?"

"एक ऑक्टोबर," मामा म्हणाले. "मी त्यांना काही म्हटलं नव्हतं, नीरजा. तुझ्या आईची शप्पथ. त्यांनीच विचारलं, हिचं काय होईल. तू त्यांच्या दुखण्यासाठी महादेवपुऱ्याची चांगली नोकरी सोडून आलेलीस. मी म्हटलं, पुस्तक छापायला गेलं की योजना येईल, योजना आली की जागा येईल. ते थोडा वेळ बसले. इथेच, तू बसलीस तिथे. मग सरी, ठीक आहे, म्हणाले आणि पेन मागितलं."

बाहेर पीटीच्या तासाची शिट्टी वाजत होती.

"ठेव ते तुझ्याकडे," मामा म्हणाले. "की इथेच असू दे?"

"इथेच असू दे."

ती उठली तेव्हा तिची साडी खुर्चीला अडकली. मामांनी वाकून सोडवली.

रात्री भाताचा घास हातात धरून तिनं आईला विचारलं, "गेल्या सप्टेंबरात अण्णा मामांकडे गेले होते, आठवतं?"

"त्या दिवशी जेवले नाहीत," प्रेमाबाई म्हणाल्या. "पित्त झालं म्हणाले. मी कोकम करून दिलं." मग म्हणाल्या, "जेव. निवतंय."

*

अठराच्या सकाळी आभाळ गच्च होतं. नीरजा साडेसातला शाळेत पोचली. खड्डा बुजवलेला होता, कडुलिंबापाशी नवा खणलेला होता, आणि त्यात पुस्तकातल्यासारखे थर होते. संताजीनं ते फडक्यानं पुसून घेतले होते.

काठीची जागा दोघांनी मिळून चार दिवस खपून केली होती. दोन फूट चौरस सिमेंटचा ओटा, पाणसळ लावून सपाट केलेला. मध्ये मीटरभर लोखंडी गज. संताजीनं ओळंबा सोडून बघितला. गज केसभरही कलला नव्हता.

"राजवाड्याचं काम असं नाही करत कुणी," तो म्हणाला. "पण ऊन कुठे आहे?"

"नसलं तर बरं," नीरजा म्हणाली.

संताजीनं तिच्याकडे बघितलं. महिनाभर ही बाई उन्हासाठी आभाळाकडे डोळे लावून होती.

ऊन पडलं नाही, तर सावली नाही. मोजायचं काही नाही. संस्थेच्या तक्त्यात "ढगाळ" लिहायचं आणि सही करायची, तीही खरी सही. अकरापासून ती दर थोड्या वेळानं वर बघत होती. ढगांचं एकच मोठं कांबळं होतं, कुठे भोक नव्हतं.

संस्थेच्या बाई पावणेबाराला आल्या. यशश्री त्यांचं नाव, वय तिशीचं, पायात बूट, पाठीला सॅक. गाडीतून उतरतानाच त्यांचं फोनवर बोलणं चालू होतं. मामांनी नीरजाची ओळख करून दिली तशा त्या थांबल्या.

"अय्या, मराठी? किती बरं वाटलं ऐकून. पुण्याच्या का?"

"नाही. इथल्याच."

"इथल्या म्हणजे, मूळच्या?"

"साडेतीनशे वर्षं झाली," मामा म्हणाले. "आता मूळच म्हणायचं."

यशश्री मोकळेपणानं हसल्या. खड्ड्यापाशी त्या गुडघे टेकून बसल्या, माती बोटांनी चोळून बघितली, पोरींना कन्नडमध्ये नावं विचारली. कन्नड मोडकी होती, पण विचारली. नीरजाला त्यांचा राग येईना. आला असता तर सोपं गेलं असतं.

"सुपर्ब झालंय हे," त्या म्हणाल्या. "चला, शॅडोकडे. मला साडेबाराला पुढच्या शाळेत पोचायचंय."

अकरा पंचावन्नला ढगांत फट पडली. आधी कारखान्याची पत्र्याची छपरं चमकली, मग मैदानाचं पलीकडचं टोक, आणि ऊन चालत यावं तसं ओट्यापर्यंत आलं. गजाच्या पायाशी सावली उमटली. आखूड, काळी, पश्चिमेला.

नववीचा वर्ग भोवती उभा होता. बारा वाजता चंपा पट्टी घेऊन वाकली. पट्टी कशी धरायची, डोळा कुठे ठेवायचा, हे तिला शिकवलेलं होतं. तिनं दोनदा मोजलं आणि तक्त्यात पेन्सिलनं आकडा लिहिला. तक्त्यात एकच ओळ होती. वेळ: १२.००. सावलीची लांबी. शिक्षकाची सही.

यशश्रींनी तक्ता घेतला. "दहा?"

"दहा," चंपा म्हणाली.

"गज सरळ आहे ना?"

"ओळंबा लावलाय," संताजी म्हणाला. पुढे काही म्हणणार होता, पण मामांनी त्याच्याकडे बघितलं.

यशश्रींच्या हातातला फोन वाजला. पुन्हा वाजला. त्यांनी पडदा नीरजासमोर धरला. बाकीच्या शाळांचे तक्ते येत होते, एकामागून एक. शून्य. शून्य. शून्य. एका फोटोत गजावर कुणी तरी छत्री धरली होती. एकात गजाच्या पश्चिमेला हेडमास्तर उभे होते, सावलीवर बूट ठेवून.

"एकोणचाळीस," यशश्री म्हणाल्या. "तुमचं एक राहिलं."

"बारा चोवीसला शून्य होईल, मॅडम," नीरजा म्हणाली. "वीस मिनिटं थांबाल का? तुम्हाला दिसेल."

यशश्री तिला थोडं बाजूला घेऊन गेल्या. आवाज खाली आणला.

"मला कळतंय हो. मी फिजिक्सचीच आहे. पण एका शाळेचं दहा आलं, तर मीटिंगमध्ये पहिला प्रश्न काय येईल? पुस्तक चुकलं की शाळा? शाळा म्हटलं तर तुमची शाळा यादीतून जाते. पुस्तक म्हटलं तर योजनाच बंद करतील, वाटच बघतायत. परत सगळं फळ्यावर." त्यांनी तक्ता पुढे केला. "आणि पुस्तक तुमच्या वडिलांचं आहे ना? सॉरी, मला आत्ताच सर म्हणाले."

नीरजानं मागे बघितलं. मामा ओट्यापाशी उभे होते, दोन्ही हात पाठीमागे, जमिनीकडे बघत. त्यांच्यामागे पोरी होत्या, आणि त्यांच्यामागे मैदान, कुंपण, रस्ता.

"माझ्यासाठी नाही म्हणत," यशश्री म्हणाल्या. "खरंच."

"मला माहीत आहे."

खोडरबर नीरजाकडे नव्हतं. ती परत ओट्यापाशी आली आणि चंपापुढे हात केला. चंपानं आपलं दिलं, मिस विसरल्या असतील म्हणून, लगबगीनं. कागद फाटू नये म्हणून नीरजानं तो ओट्यावर सपाट धरला आणि हळूहळू खोडलं. आधी एक, मग शून्य. मग पुन्हा शून्य काढलं. ते चंपानं काढलेल्या शून्याच्याच जागी आलं. खाली सही केली. अण्णांसारखीच तिची सही उजवीकडे झुकायची.

"एक फोटो," यशश्री म्हणाल्या. "मॅडम, तुम्ही स्वल्प या बाजूला याल?" 'जरा'ऐवजी स्वल्प हा शब्द त्यांनी इथे येऊन उचललेला होता, आणि तो बोलताना त्या हसल्या.

नीरजा गजाच्या पूर्वेला उभी राहिली. पदर सरळ करण्याच्या निमित्तानं हात थोडा लांब धरला. तिची सावली गजाच्या सावलीवर पडली आणि दोन्ही एक झाल्या.

गाडी बारा दहाला गेली. मामा फाटकापर्यंत पोचवायला गेले आणि तिथूनच कचेरीत वळले. जाताना म्हणाले, "करार होईल. आईला सांग." नीरजानं मान हलवली.

बारा वीसला जेवणाची गाडी आली. सांबाराचा वास मैदानभर पसरला. घंटा झाली, तशी पोरं ताटं आणायला पळाली. ओट्यापाशी चार-पाच पोरी रेंगाळल्या, त्यांत चंपा. नीरजानं त्यांना हाकललं नाही. थांबवलंही नाही.

सावली दोन बोटं उरली होती. मग एक. बारा तेवीसला गजाच्या पायाशी काळी कड तेवढी होती, आणि मग तीही गेली. लोखंडी गज उन्हात उभा होता आणि त्याच्या पायाशी काही नव्हतं. एका पोरीनं आपलं बोट उभं धरून बघितलं. दुसरीनं पट्टी उभी धरली. त्या कुजबुजत होत्या, देवळात बोलावं तशा.

संताजी भिंतीच्या सावलीतून उठून आला, बघितलं, आणि ओळंब्याची दोरी गुंडाळून खिशात टाकली.

चंपानं वही उघडली.

"मिस, मी काय लिहू?"

"बघितलंस ते."

चंपानं लिहिलं. बारा वाजता दहा सेंटिमीटर. बारा चोवीसला काही नाही. मग पेन्सिलचं टोक दातांत धरून तिनं विचार केला. पोर हुशार होती. पुढच्या वर्षी दहावीला होती.

"आणि परीक्षेत?"

जेवणाच्या रांगेतून ताटांचा आवाज येत होता. नीरजानं वर बघितलं, डोळ्यांवर हात धरून. ढगांची फट अजून उघडीच होती.

"परीक्षेत बारा," ती म्हणाली.

चंपानं मान हलवली. तक्रार नव्हती तिची. तिनं पानाच्या समासात लिहिलं, परीक्षेत बारा, आणि पट्टी लावून त्याखाली दोन रेघा मारल्या. महत्त्वाचं असेल त्याखाली दोन रेघा मारायच्या, हे नीरजानंच तिला शिकवलं होतं.